येणारे आणि राहणारे
बीड जिल्ह्यातील क्षेत्रांच्या इतिहासाची एक बाजू



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची ओळ श्रोत्यांपुढे उभी करावयाची, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे इतिहास वाचताना आम्हांला एक खोड जडली आहे. देऊळ कोणी बांधविले एवढे वाचून आमचे समाधान होत नाही. दगड कोणी वाहिले, यात्रेत पाणी कोणी भरले, आणि यात्रा उठल्यावर झाडलोट कोणी केली, हेही विचारावेसे वाटते. आजचे व्याख्यान हे त्या खोडीचेच फळ आहे, असे समजावे.

आपला जिल्हा तीर्थक्षेत्रांचा आहे. उत्तरेला गोदावरी, मधून बालाघाटाची डोंगररांग, आणि या दोहोंच्या आश्रयाने वसलेली देवस्थाने. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, कपिलधारचे मन्मथस्वामी, गोदाकाठचे राक्षसभुवन, महानुभावांचे आत्मतीर्थ पांचाळेश्वर, अधिक महिन्यात गजबजणारे पुरुषोत्तमपुरी, आणि खुद्द बीड शहरात पाण्यात उभा असलेला कंकालेश्वर व टेकडीवरचा शहेनशाहवलींचा दर्गा. या स्थळांना आता 'पर्यटनस्थळे' म्हणण्याची चाल पडली आहे. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. माणसे शेकडो वर्षे येथे येत आली आहेत. येणारा दोन प्रहर थांबतो, दर्शन घेतो, प्रसाद बांधून घेतो आणि परततो. राहणारा बारा महिने येथेच असतो. क्षेत्रांची माहात्म्ये आणि माहितीपुस्तके मात्र बहुधा येणाऱ्यासाठीच लिहिली गेली. राहणाऱ्याच्या बाजूने हा इतिहास वाचला तर काय दिसते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम जुने लेख घेऊ. अंबाजोगाई हे यादवांच्या काळचे भरभराटीचे नगर. सिंघण यादवाचा पराक्रमी सेनापती खोलेश्वर याचा या नगराशी निकटचा संबंध होता. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्या भावाच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिने देऊळ उभारले, आणि शके ११६२, म्हणजे इसवी सन १२४० च्या शिलालेखात ती हकीकत कोरली गेली. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीचे दुःख आपल्या जिल्ह्यातील दगडाने जपून ठेवले आहे, ही गोष्ट हृदयाला भिडणारी आहे. पण तोच दगड ज्याने खाणीतून काढला, घडविला आणि चढविला, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

दुसरा लेख पुरुषोत्तमपुरीचा. रामचंद्रदेव यादवाच्या कारकीर्दीत, शके १२३२ मध्ये, म्हणजे १३१० साली, त्याचा मंत्री पुरुषोत्तम याने अग्रहार स्थापून ब्राह्मणांना गावे दान दिली, त्याचा हा ताम्रपट. गाव दान दिले म्हणजे काय दिले? जमीन उचलून कोणाच्या हातावर ठेवता येत नाही. दान दिला जातो तो त्या जमिनीचा वसूल, म्हणजेच त्या जमिनीत राबणाऱ्या कुणब्याच्या घामाचा ठरावीक वाटा. तो वाटा पुढे कोणाच्या घरी जाणार, एवढाच बदल ताम्रपटाने होतो. धर्माचा दीप पाजळतो तो राजाच्या आज्ञेने, परंतु तेल मात्र शेतातून येते. ही गोष्ट आम्ही कोणाला हिणविण्यासाठी सांगत नाही. देवळातील नंदादीपाचे श्रेय वाटावयाचे तर ते दोघांत वाटावे, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरे उदाहरण थोडे गमतीचे आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलक बीडजवळून जात असता त्याचा दात दुखू लागला व पडला. बादशहाने तो दात समारंभाने पुरविला आणि त्यावर घुमट बांधविला, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. बीडच्या दक्षिणेस डोंगरावर तो घुमट आजही दाखवितात. राजाच्या पडलेल्या एका दाताला आपल्या जिल्ह्यात दगडी कबर मिळाली. ते दगड डोंगरावर चढविणाऱ्यांच्या हाडांना कोठे जागा मिळाली, हे मात्र कोणत्याही बखरीत नाही.

राजे बदलले, पण क्षेत्रे टिकली. यादव गेले, बहामनी आले, निजामशाही आली. सोळाव्या शतकात मूर्तजा निजामशाहाच्या काळी सलाबतखानाने बीडजवळ खजाना विहीर बांधविली. तिचे पाणी पाटांनी खालच्या शेतांना पोचते. तिला आजचा पर्यटक पाहावयास जातो तो तिच्या बांधणीसाठी. शेतकऱ्याला तिचे नाव 'खजाना' का पडले हे पाणी पाहताच कळते. त्याच शतकाच्या अखेरीस अंबाजोगाईत दासोपंत होऊन गेले. १६१५ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. त्यांनी चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा खादीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पासोडी म्हणजे आमच्या गड्याची थंडीतली पांघरायची वस्तू. वेदान्ताला कागद अपुरा पडला की काय कोण जाणे, पण तो विणकराच्या कापडावर उतरला आणि टिकला, याचा आम्हांला आनंद होतो.

पुढे १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. गोदेच्या पाण्यावर लढाई झाली, परंतु त्याच काठावर यात्रेकरू स्नानाला येत होते व पुढेही येत राहिले. त्याच शतकात अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला. निजामाच्या मुलखातील देवळाला इंदूरच्या राणीने हात द्यावा, यावरून क्षेत्राची सरहद्द ही राज्याच्या सरहद्दीहून निराळी असते, हे उघड होते.

ही निराळी सरहद्द लोकांनी कथेच्या रूपाने सांगितली आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. वऱ्हाड निघाले, परंतु मुहूर्त टळला, कोंबडा आरवला, आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले. अंबाजोगाईच्या लेण्यांतील दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडातलेच, असे सांगतात. म्हणून त्या शिवलेण्यांना 'हत्तीखाना' हे नाव पडले. देवी अविवाहित राहिली. परळी आणि अंबाजोगाई यांमध्ये जेमतेम पंचवीस किलोमीटरचे अंतर, पण या न झालेल्या लग्नाने दोन्ही गावांना कायमचे व्याही केले. हीच योगेश्वरी थेट समुद्राकाठच्या कोकणस्थांची कुलस्वामिनी. परशुरामाने आपल्या लोकांसाठी अंबाजोगाईच्या मुली मागून नेल्या, व त्या मुलींबरोबर त्यांची देवीही कोकणात पोचली, अशी दंतकथा आहे. दंतकथेला आम्ही इतिहास म्हणत नाही. पण पुण्यामुंबईचे व आता परदेशात राहणारे कुटुंब नव्या सुनेला घेऊन बालाघाटच्या डोंगरावर ओटी भरावयास येते, ही गोष्ट खरी आहे. माहेरपणाचे नाते सांगणारी ती कथा नसती, तर हे येणे झाले नसते.

कधी कधी दोन गावे एकाच देवावर हक्क सांगतात. वैद्यनाथ ज्योतिर्लिंग परळीचे की झारखंडातील देवघरचे, असा वाद आहे. ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्राचे पाठही दोन प्रकारचे मिळतात. मुकुंदराजांविषयी असेच आहे. 'विवेकसिंधु' ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे ११८८, मानतात; काही अभ्यासकांना तो मान्य नाही, आणि कवीचे स्थान अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरा यावरही मतभेद आहेत. पंडितांनी हे वाद अवश्य करावे. राहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र निकाल केव्हाच लागला आहे. परळीत देवाच्या गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पिंडीला स्पर्श करण्याची चाल आहे. ज्याने लहानपणापासून पिंडीवर हात ठेवला, त्याला आपला देव कोणता हे स्तोत्रात शोधावे लागत नाही.

परंतु येथे एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. देवाला हात लावण्याचा हा अधिकार सर्वांना सदैव होता असे नाही. मिरवणुकीपुढे ज्याची हलगी वाजल्याशिवाय पाऊल उचलत नसे, त्याला स्वतःला उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. कायदा गावात पोचावयास पुढे किती वर्षे लागली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आज 'लोकसंस्कृती' म्हणून हलगीचे कौतुक पाहुण्यांपुढे होते. कौतुक जरूर व्हावे. सोबत हा उंबरठाही लक्षात असावा.

आता आपण अलीकडच्या काळाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वाश्रमी ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम करीत होते, आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत, शिक्षक होते. आम्हांला या नात्याचा अभिमान वाटतो. १९४९ साली हैदराबाद राज्यातील जहागिरी रद्द झाल्या आणि पुढे इनामेही गेली. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण त्याबरोबर ताम्रपटाच्या काळापासून चालत आलेली क्षेत्राची अर्थव्यवस्थाही बदलली. पूर्वी देवस्थान उभे होते ते मुख्यतः इनामाच्या जमिनीवर. आता ते येणाऱ्यांच्या देणगीवर आणि बाजारावर उभे राहिले. येणाऱ्याचे महत्त्व वाढले ते येथून.

परळीत आणखी एक देव आला, तो विजेचा. १९७१ मध्ये तेथील औष्णिक वीजकेंद्राचे पहिले संच सुरू झाले. कोळसा रेल्वेने येऊ लागला, चिमण्या उभ्या राहिल्या, राख उडू लागली. नंतर मोठे संच आले व जुने निकालात निघाले. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा रोजंदारीवरच्या माणसाला एकच गोष्ट कळली: कारखाना असो की यात्रा, मराठवाड्यात शेवटी पाणीच मालक आहे. बीड शहराला रेल्वेची गाडी दिसली ती तर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. १९९५ साली मंजूर झालेल्या मार्गाला तीस वर्षे लागली. हा मार्ग परळीला जोडावयाचा आहे. तसे झाले म्हणजे येणाऱ्यांची संख्या वाढेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. येणारे वाढत असता राहणारे कोठे आहेत? सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी झाली. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाढला, आणि आमच्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातून तो तोडावयास माणसे जाऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट अधिकच रुळली. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरावयाचा, आणि दसरा झाला की टोळीबरोबर निघावयाचे. मग पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. परत यावयाचे ते चैत्राच्या आगेमागे.

आता हे वेळापत्रक आपल्या यात्रांच्या पंचांगावर ठेवून पाहा. कपिलधारची यात्रा कार्तिक पौर्णिमेला. टोळी उसाच्या फडात. योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्ष पौर्णिमेला, टोळी फडात. परळीची महाशिवरात्र माघ वद्यात. टोळी अजून फडातच. म्हणजे दूरदूरचे भाविक मोटारी करून ज्या दिवशी आपल्या जिल्ह्यात येतात, नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे हजारो लोक दुसऱ्याच्या रानात कोयता चालवीत असतात. देवाच्या घरी पाहुणे जमले आहेत आणि घरचे माणूस कामावर गेले आहे, असा हा देखावा आहे.

पण लोकांची धर्मबुद्धी मोठी व्यवहारी असते. मोठ्या यात्रा चुकतात म्हणून कष्टकऱ्याने देव सोडला नाही. त्याने आपल्या वाट्याचे दिवस धरून ठेवले. दसरा हा त्याचा निघण्यापूर्वीचा मेळ्याचा दिवस. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात, तेव्हा टोळ्या परतलेल्या असतात. मग शेरणी वाटली जाते, कुस्त्या होतात, नवस फिटतात, सोयरिकी जुळतात. पूर्वी या जत्रा ज्वारीची रास घरात आल्यावर भरत. आता उसाचा हिशेब मिटल्यावर भरतात. श्रावणी सोमवारी परळीला जो लोंढा लोटतो, त्यात आसपासच्या खेड्यांतला माणूस पायी आलेला दिसतो. अधिक महिन्याचा योग पावसाळ्यात आला, जसा २०२३ साली श्रावणात आला होता, तर पुरुषोत्तमपुरीला लेकजावयांना घेऊन जाणारे हेच लोक असतात. देव एकच असला तरी त्याची पंचांगे दोन आहेत. माहितीपुस्तकात यांपैकी एकच छापले जाते.

हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. युरोपात स्पेन नावाचा देश आहे. आपल्यासारखाच मिरवणुकांचा, नवसांचा आणि गावदेवतांचा. तेथील सेव्हिल शहरात ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात ख्रिस्ताच्या व मेरीच्या मूर्ती प्रचंड चौरंगांवरून मिरवितात. चौरंगाला चहूकडून पडदे सोडलेले असतात. पाहणाऱ्याला मूर्ती तरंगत आल्यासारखी वाटते. वस्तुतः पडद्याआड मानेवर भार घेतलेली माणसे एकेक पाऊल टाकीत असतात. पूर्वी हे काम मजुरीवर होई, आणि ते करणारे पुष्कळसे गोदीतले व बाजारातले हमाल असत. १९७३ पासून तेथील धर्मसंघांचे सभासद स्वतःच खांदा देऊ लागले. पूर्वी ज्या कामाची मजुरी द्यावी लागे, तेच काम मानाचे झाले. ही हकीकत वाचली तेव्हा आम्हांला परके काहीच वाटले नाही. चौरंग, पडदा आणि पडद्याआडचा हमाल. आमच्या विषयाचे याहून चांगले चित्र आम्हांला काढता आले नसते.

त्याच देशाने पर्यटनावर मोठी संपत्ती मिळविली. आणि त्याच देशात, कॅनरी बेटांवर व मायोर्का बेटावर, २०२४ साली रहिवासी हजारोंनी रस्त्यावर आले. पाहुण्यांशी त्यांचे भांडण नव्हते. पाहुण्यांसाठी घरे भाड्याने जाऊ लागल्यामुळे हॉटेलात काम करणाऱ्यालाच त्याच्या गावात राहावयास घर परवडेना, ही त्यांची तक्रार होती. आपल्या जिल्ह्याची गोष्ट अजून तेथवर गेलेली नाही. परंतु शासनाने परळीसाठी तीर्थविकासाचा आराखडा मंजूर केला आहे. रस्ते, भक्तनिवास, वाहनतळ होतील. व्हावेतच. आमच्या माणसांना काम हवे आहे. प्रश्न इतकाच, की आराखड्याच्या नकाशात फूलवाली, बेलवाला, रिक्षावाला, झाडूवाली आणि हमाल यांची जागा आखली जाते की नाही.

पाहुणा आणि यजमान यांचे उत्तम नाते कसे असते, हे शिकावयास आपल्याला परदेशी जावे लागत नाही. पैठणहून निघालेली नाथांची पालखी दर वर्षी आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाईवरून जाते. दिंडी गावात शिरली की घरोघर भाकरी थापल्या जातात, पिठलं शिजते, ओटे झाडले जातात. यजमान गरीब असतो, कित्येकदा नुकताच फडावरून परतलेला असतो, परंतु त्या रात्री तो यजमान असतो. वारकरी त्याच्या पाया पडतो आणि तो वारकऱ्याच्या. यजमानाला मान असल्याशिवाय पाहुण्याला सुख नाही, हा आपल्या परंपरेचा नियम आहे, आणि तो पर्यटनाच्या कोणत्याही खात्याने आपल्यापासून उसना घ्यावा इतका मोलाचा आहे.

म्हणून अखेरीस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी, की १९६९ च्या माथाडी-हमाल कायद्याने बाजारातल्या हमालाला नोंदणी, मजुरीची हमी आणि म्हातारपणाची तरतूद यांचा मार्ग दाखविला. त्या धर्तीवर यात्रेत राबणाऱ्यांची नोंद प्रत्येक क्षेत्रात व्हावी. दुसरी, क्षेत्राच्या विकासाच्या समितीत राहणाऱ्या कष्टकऱ्यांचा माणूस बसावा, आणि बैठका टोळ्या गावी असतील अशा महिन्यांत घ्याव्यात. तिसरी सूचना आपणां श्रोत्यांसाठी आहे, आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही. आपल्या घरातील वृद्धांकडून जत्रेची हकीकत उतरवून घ्या: पालखीला कोणत्या घराचा खांदा होता, पाणी कोणत्या विहिरीचे येई, हलगी कोण वाजवी. लक्ष्मीने आपल्या भावाचे नाव दगडात कोरले म्हणून ते उरले. आपल्याला दगड परवडत नसेल, वही परवडते. पुढच्या वसंतापर्यंत या शहरातून अशा शंभर वह्या भरल्या, तर त्यानंतरच्या वक्त्याला आमच्यासारखे 'नाव ठाऊक नाही' असे म्हणावे लागणार नाही.